आधी खोड सांगणारे दौलतमामा

माझे दौलतमामा कुणाचीही ओळख करून द्यायचे, ती त्याच्या खोडीपासून. घरी पाहुणा आला की मामीने चहाचं आधण ठेवायच्या आत ते आपल्या मुलाकडे बोट दाखवून सांगायचे, "हा आमचा संतोष. सकाळी लवकर उठत नाही. बाकी पोरगा चांगला हाय." मामीची ओळख अशी, की हिच्या हातचं वरण खारट होतं, पण माणसं जोडून ठेवते. स्वतःलाही ते यातून सोडत नसत. नव्या माणसाला पहिल्या भेटीतच सांगून टाकायचे, की मला राग लवकर येतो आणि डाव्या कानाने कमी ऐकू येतं, तेव्हा त्या बाजूला बसू नका. पाहुणा बिचारा गोंधळून उठायचा आणि उजवीकडे येऊन बसायचा.

मामा खामगावच्या बैलबाजारात दलाल होते. पिंपळगाव राजाला घर, एका जोडीने होईल एवढी शेती, आणि बाजाराच्या दिवशी सकाळच्या गाडीने खामगाव. विकणारा आणि घेणारा यांच्या मधे उभं राहायचं, सौदा जुळवायचा आणि आपली दलाली घ्यायची, हा त्यांचा धंदा. बाजारात बैलाच्या शिंगांना तेल चोपडून, अंगावर हात फिरवत त्याचे गुण गायचा रिवाज. मामा गुण सांगतच नसत. घेणाऱ्याला बाजूला घेऊन ते म्हणायचे, हा डावीकडे जुंपला तर अंग चोरतो, हा पाणी ओलांडताना थबकतो, हा लहान पोरांवर शिंग उगारतो, आता बोला भाव. विकणारे चिडायचे, बाकीचे दलाल हसायचे, पण घेणारे मामांना शोधत यायचे. "गुन काय सांगाचे? गुन तं उद्या वावरात दिसतेच," असं त्यांचं म्हणणं. आणखी एक वाक्य ते नेहमी ऐकवायचे: "जो पयले गुन सांगते, त्याच्यापाशी खोड असते."

आमचं घर दुसरबीडचं. वडिलांचं रस्त्याकडेला टायर-पंक्चरचं दुकान होतं आणि घर त्याच दुकानाच्या मागे. अभ्यासाला ना जागा, ना शांतता. म्हणून आईने मला पाचवीपासून मामांकडे ठेवलं. मामांना मुलगी नव्हती. शाळेला सुट्टी असली आणि बाजार असला की ते मला सोबत न्यायचे. तिथे मी बैलाचे दात बघून वय सांगायला शिकले, आणि दुपट्ट्याखालचा भावही तिथेच शिकले. तो भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल आपल्या खांद्यावरचा दुपट्टा काढून समोरच्याच्या हातावर टाकतो आणि आत बोटं धरून आकडा सांगतो. शेजारी उभ्या असलेल्याला काही कळत नाही. आकडा पटला नाही की बोटं सोडायची आणि पुन्हा धरायची. पटला की मामा समोरच्याची सगळी बोटं आपल्या मुठीत घेऊन एकदा दाबायचे. ती त्यांची स्वतःची पद्धत होती. एकदा तशी बोटं दाबली की मागून कुणी दुप्पट भाव घेऊन आला तरी मामा त्याच्याकडे वळून बघत नसत. घरी परतताना गाडीत ते माझ्या हातावर दुपट्टा टाकून माझी परीक्षा घ्यायचे. मी आकडा चुकले की मला बटाटेवडा मिळायचा नाही, असं ठरलेलं होतं, प्रत्यक्षात मिळायचाच.

मी दहावीत असताना मामांनी दुसरबीडच्या शंकररावांना एक बैल घेऊन दिला. शंकरराव म्हणजे माझ्या वडिलांचे शेजारी, मामांच्या बहिणीच्या सासरच्या गावचे. मामांनी तो बैल दोनदा चालवून बघितला, जुंपून बघितला, रात्रभर आपल्या गोठ्यात बांधला. मग शंकररावांना म्हणाले, "याच्यात खोड नाही." असं ते फार क्वचित म्हणत. शंकररावांनी भावाची घासाघीस केली नाही. पेरणी निम्म्यावर आली असताना तो बैल वावरात खाली बसला आणि मेला.

शंकरराव भांडायला आले नाहीत. बैल गेला एवढंच कळवायला त्यांनी वडिलांच्या दुकानातून फोन केला. दुसऱ्याच दिवशी मामांनी आपल्या स्वतःच्या जोडीतला एक बैल गाडीत चढवून दुसरबीडला पोचवला आणि त्या वर्षी आपली पेरणी शेजाऱ्याचा बैल मागून केली. तालुक्याच्या डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, पोट फुगलं असेल, किंवा साप चावला असेल, आता पुरल्यावर काय सांगणार. बैल उघडून बघायचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे कामाचा बैल मेला की त्याला हळद-कुंकू लावून, मीठ टाकून, अख्खा पुरतात. त्याला सुरी लावत नाहीत. मामा त्यानंतर किती तरी बाजार चुकवून घरीच बसले. मामीला वाटलं नुकसान मनाला लागलंय. मला माहीत होतं, तसं नव्हतं. एकदा गोठ्यात वैरण टाकताना ते मला म्हणाले, "मी खोड नाही म्हनलं आन् ते होती. मले दिसली काऊन नाही?" मी पशुवैद्यकीयला गेले ती त्या प्रश्नामुळे, असं म्हटलं तर ते फार शोभून दिसेल; खरं म्हणजे माझे मार्क माणसांच्या डॉक्टरकीला कमी पडले होते. पण तो प्रश्न माझ्यासोबत कॉलेजात आला, एवढं खरं.

तिसरं वर्ष संपत आलं तेव्हा आमच्या एका प्राध्यापकांनी मला एका नव्या अभ्यासक्रमाबद्दल सांगितलं. दक्षिणेतल्या एका संस्थेत प्राण्यांच्या रोगनिदानाची एक वर्षाची जादा पदवी नुकतीच सुरू झाली होती. मेलेलं जनावर उघडून, त्याच्या अवयवांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघून ते कशाने मेलं हे ओळखायचं, असा तो विषय. आपलं शिक्षण वर्षभर थांबवून तिकडे जायचं, ती पदवी घ्यायची आणि परत येऊन उरलेलं पूर्ण करायचं. राहण्या-जेवण्याची सोय शिष्यवृत्तीत होत होती. मी अर्ज केला, निवड झाली, आणि मग घरी सांगायची वेळ आली.

आमच्या भागात शिक्षण थांबण्याचा अर्थ एकच. पोरगं नापास झालं, किंवा पोरीचं काहीतरी झालं. मधेच, चांगलं पास होत असताना, आपल्या हाताने वर्ष थांबवायचं, हे कुणाच्या ऐकिवात नव्हतं. आईने आधी माझं पोट-बिट दुखतं का विचारलं, मग रडली. वडील म्हणाले, मामांना विचार, ते म्हणतील तसं. मामा गोठ्यात होते. मी सगळं समजावून सांगितलं. ते उजवा कान माझ्याकडे करून ऐकत राहिले. मग म्हणाले, "चालत्या तासात बैल खाली बसला तं त्याले काय म्हनते?"

नांगराच्या चालत्या तासात, त्या रेघेत, मधेच बसणाऱ्या बैलाला बसका म्हणतात. बैलाची सगळ्यात वाईट खोड ती. मारका बैल चालतो, पण बसका कुणी घेत नाही. मी म्हटलं, मी बसत नाहीये मामा, मी दुसरं तास धरून परत याच तासात येणार आहे. ते बराच वेळ बैलाच्या मानेवरून हात फिरवत राहिले. नाही म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "जाय. पन हे खोड मी लपवनार नाही, आताच सांगून ठेवतो."

त्याचा अर्थ मला पुढच्या महिन्यात कळला. चिखलीकडचं एक स्थळ माझ्यासाठी बघितलेलं होतं. मुलगा इंजिनियर, माणसं चांगली, बोलणी जवळपास झालेली. शिक्षण पूर्ण झाल्यावर लग्न, असं ठरत होतं. मामा त्यांच्याकडे गेले आणि चहा यायच्याही आधी म्हणाले, की आमच्या पोरीचं एक साल वाढलंय, हे तुम्हाला पहिले सांगतो. मुलाच्या वडिलांनी विचारलं, नापास झाली का. मामा म्हणाले नाही, पास आहे, पण साल वाढलं. कशासाठी वाढलं, त्यात शिष्यवृत्ती आहे, निवड झाली आहे, यातलं ते एक अक्षर बोलले नाहीत. तो गुण झाला, आणि गुण सांगायची त्यांना सवयच नव्हती. आठवड्याभरात त्या मंडळींचा निरोप आला, की पत्रिका जुळत नाही. महिनाभर आधी जुळलेली पत्रिका ती. गावात मग बातमी पसरली, की दौलतरावची भाची लटकली, म्हणजे नापास झाली, आणि आता लाज झाकायला कुठे तरी लांब पाठवतायत.

आईने मामांना पहिल्यांदा आवाज चढवून विचारलं, की दादा, तुम्हाला कोणी विचारलं होतं का, तुम्ही का सांगितलं. मामांनी मान खाली घातली, पण मागे हटले नाहीत. म्हणाले, खोड सांगितल्यावर जो सौदा मोडतो तो मोडायलाच पाहिजे. मला हे सहन झालं नाही. मी म्हटलं, "मामा, मी बैल नाहीये. आणि हे वर्ष म्हणजे खोडही नाही."

मामांना राग लवकर यायचा, तो त्या वेळी आला नाही. "खोड हाय का नाही, थे मले समजत नाही, माय," ते म्हणाले. "पन लग्न झाल्यावर त्यायले दुसऱ्याच्या तोंडून समजलं असतं, तं तुह्यासाठी थे जन्माची खोड झाली असती."

मी त्यांच्या पाया न पडता गेले. राग धरून बसण्यात मीही त्यांचीच भाची. संस्थेत पोचल्यावर पहिले काही आठवडे मी फक्त आईशी बोलायचे. मग एका बाजाराच्या संध्याकाळी मामांचा फोन आला. कशी आहेस वगैरे काही नाही. "आज काय पाह्यलं?" एवढंच विचारलं. मी तुटकपणे सांगितलं, की एक शेळी उघडली, तिच्या काळजात, म्हणजे यकृतात, चपटे किडे होते. ते म्हणाले, "मंग कळलं काय, कशानं मेली थे?" मी म्हटलं हो, कळलं. एवढ्यावर फोन बंद.

वर्षभर दर बाजाराच्या संध्याकाळी तो फोन येत राहिला. तोच प्रश्न, तसाच शेवट. कधी मी सांगायचे की आज काही कळलं नाही, तर म्हणायचे, "मंग पाय अजून." मी गाईच्या फुफ्फुसांबद्दल सांगितलं, कोंबड्यांच्या आतड्यांबद्दल सांगितलं. संतोषने नंतर सांगितलं, की मामा फोन ठेवून ओसरीवर बसलेल्या चार जणांना ते सगळं जसंच्या तसं सांगायचे, कुणाला ऐकायचं असो वा नसो. त्यात माझं कौतुक नसायचं. सुरुवात ठरलेली: आमच्या भाचीचं एक साल वाढलं, आणि तिनं आज असं पाहिलं. माझा राग त्या फोनांनी हळूहळू उतरवला, पण मी ते त्यांना कधी सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

मी पदवी घेऊन परत आले, राहिलेलं शिक्षण पूर्ण केलं, आणि काही काळाने खामगावजवळच्या एका दवाखान्यात नोकरीला लागले. दरम्यान आणखी एक स्थळ आलं. मुलगा शाळेत विज्ञान शिकवायचा. मामा तिथेही गेले, आणि तिथेही चहाच्या आधी वाढलेलं साल सांगून मोकळे झाले. मुलाने विचारलं, कोणत्या विषयाची पदवी घेतली त्यांनी? मामा घरी आले ते खूश होऊन. आईला म्हणाले, "यानं दात नाही मोजले, याले जनावर पाहाचं हाय." माझं लग्न त्याच मुलाशी झालं. वाक्य ऐकून मी चिडले होते, आणि माझा नवरा अजून ते लोकांना हसून सांगतो.

मग मामांच्या गोठ्यातला मोऱ्या बैल मेला. चार दिवस त्याचं खाणं कमी झालं होतं, उतारावर चालायला तो नाखूश असायचा, आणि एका सकाळी गोठ्यातच गेला. मी पोचले तेव्हा खड्डा खणून झाला होता. मामी हळद-कुंकवाचं ताट घेऊन उभी होती. मामा मला म्हणाले, उघड त्याला. गल्लीतली चार वडीलधारी माणसं जमली होती, त्यांनी विरोध केला, की दौलतराव, राबलेला बैल आहे, त्याला कापू नका, पाप लागेल. मामा म्हणाले, लागू द्या, मला लागेल. मामीने बैलाला कुंकू लावलं, आणि मग मी सुरी घेतली.

पोटाच्या पुढच्या कप्प्यातून एक गंजलेली तार पोट आणि छातीमधल्या पडद्याला छेदून थेट हृदयात शिरली होती. हृदयाभोवती पू साठला होता. कडब्याच्या पेंढीत कुठून तरी आलेला, बोटभर लांबीचा तुकडा. मी तो धुऊन मामांच्या हातावर ठेवला. ते उकिडवे बसून बघत राहिले. हे बाहेरून दिसतं का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बहुतेक वेळा नाही. कधी कधी शेवटी शेवटी मानेखाली सूज येते, पण तोवर उशीर झालेला असतो. बैल चांगला दिसतो, ओढतो, आणि तार आत सरकत राहते. त्यांना पुढे काय विचारायचंय ते मला कळलं होतं, आणि त्यांना विचारायला जड जात होतं. शेवटी विचारलंच, शंकररावांचा बैल असाच गेला असेल का.

हो म्हणणं सोपं होतं. त्यांना किती हलकं वाटलं असतं. पण तो बैल कुणी उघडला नव्हता. मी म्हटलं, "असेल मामा. पण नक्की नाही सांगता येणार."

त्यांनी मान हलवली. माझं नक्की नसणं त्यांना पटलं, असं मला वाटतं; मी चटकन हो म्हटलं असतं तर बहुधा त्यांनी विश्वास ठेवला नसता. मग त्या तारेकडे बघतच म्हणाले, "हे शिकाले एक साल लागलं काय तुले?" मी म्हटलं, हाव. ते उठले, बैलाच्या अंगावर मीठ टाकलं, आणि माती ओढायला लागले. त्या दिवशी त्यांनी शंकररावांना फोन करून तासभर तारेबद्दल सांगितलं, आणि प्रत्येक वेळी न विसरता जोडलं, की तुमच्या बैलाचं नक्की माहीत नाही.

मामांच्या घशात घास अडकायला लागला तो गेल्या थंडीत. पहिले काही महिने त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. स्वतःची ही एकच खोड त्यांनी लपवली असेल. उन्हाळा लागता लागता पाणीसुद्धा उतरेना, तेव्हा संतोष आणि मी त्यांना अकोल्याला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाहेर बोलावून सांगितलं, की अन्ननलिकेचा कॅन्सर आहे आणि तो यकृतात पसरलेला आहे. आता ऑपरेशनचा उपयोग नाही. त्यांनी तपासलेल्या तुकड्याचा अहवाल मी वाचला. असे शब्द मी जनावरांच्या बाबतीत कितीदा लिहिले होते. मला दुसरं मत घ्यायची गरज नव्हती, आणि ती नव्हती याचंच मला त्या वेळी फार वाईट वाटलं.

घरी ठरलं, की मामांना सांगायचं नाही. आमच्याकडे असं सांगतच नाहीत. संतोष म्हणाला, ते धास्तीनेच जातील. मामीने माझे दोन्ही हात धरून शपथ घ्यायला लावली असती, पण मी हात सोडवून घेतले. मामांना सांगितलं गेलं, की घशाला सूज आहे, औषधाने उतरेल. जो तो येऊन त्यांना सांगायचा, की तब्येत सुधारली आहे, चेहऱ्यावर तेज आलंय. मामा ऐकून घ्यायचे.

एका दुपारी मी गेले तेव्हा ते गोठ्याच्या सावलीत बाजेवर बसले होते. अंगात काही राहिलं नव्हतं, खांद्यावर दुपट्टा मात्र होता. मी उजव्या बाजूला बसले. समोर त्यांची जोडी रवंथ करत होती. मोऱ्याच्या जागी आणलेला नवा बैल आणि त्याचा जोडीदार. मामा म्हणाले, "पोट्टे सकाळपासून मले माहे गुन सांगून राह्यले. तेज आलं म्हनते. जो पयले गुन सांगते, त्याच्यापाशी काय असते?"

माझ्याकडे न बघता ते पुढे म्हणाले, "तू एक साल जास्तीचं शिकली. आत काय हाय, थे पाहाचंच शिकली ना? मंग सांग मले."

मी सांगितलं. काय आहे, कुठे आहे, कुठवर पसरलंय, सगळं सांगितलं. मग त्यांनी एकच विचारलं, पोळा बघायला मिळेल का. मी म्हटलं, बहुतेक नाही, मामा. त्यांनी एक लांब श्वास सोडला. मी आजवर कितीतरी लोकांना त्यांच्या जनावराबद्दल वाईट सांगितलं आहे, आणि माणसं रडतात, ओरडतात, मला दोष देतात. मामांच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं त्याला मी समाधान म्हणणार नाही, पण कुणी तरी आपल्याशी सरळ बोललं, एवढं त्यात होतं. थोड्या वेळाने म्हणाले, बैल विकायला पाहिजेत, संतोषच्याने ते सांभाळणं होणार नाही.

संतोष माझ्याशी पंधरा दिवस बोलला नाही. मामीने माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. आणि मामांनी शंकररावांना दुसरबीडहून खामगावच्या बाजारात बोलावून घेतलं. घरी सौदा करू, असं सगळे म्हणत होते. मामांनी ऐकलं नाही, बैलाचा सौदा बाजारातच होतो म्हणाले. माझा नवरा आणि मी त्यांना गाडीने घेऊन गेलो. झाडाखाली खुर्ची टाकून दिली, त्यात ते बसले. शंकरराव आले, मामांचा चेहरा बघून थबकले, आणि बैलांकडे न बघता त्यांच्याकडेच बघत राहिले. भोवती ओळखीचे दलाल जमले. मामांनी सवयीने डावा कान त्यांच्याकडे फिरवला आणि शंकररावांशी बोलायला लागले. आवाज बसलेला होता, पण सगळ्यांना ऐकू आला.

"बैलात खोड नाही. आत तार असन तं मले माहीत नाही, थे हे पोरगी पाहीन," माझ्याकडे मान करून ते म्हणाले. "खोड मालकात हाय. मालक टिकनार नाही, म्हनून इकून राह्यलो."

कुणी हसलं नाही. शंकररावांनी डोळे पुसले आणि खाली बसले. मामांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यांच्या हातावर टाकला. आत काय आकडा झाला ते मला माहीत नाही, मी बघितलं नाही. एकदाच बोटं धरली गेली, आणि लगेच सौदा झाला. जाताना शंकरराव माझ्याकडे बघून मामांना म्हणाले, भाची डॉक्टर झाली तुमची. मी मनात म्हटलं, आता येणार वाढलेलं साल. मामा म्हणाले, "हाव. हिच्यात खोड नाही."

मामा पोळ्याच्या आधीच गेले. पोळ्याला शंकररावांनी ती जोडी सजवून आमच्या दुसरबीडच्या दुकानासमोर उभी केली, आणि माझ्या आईने तिची पूजा केली. मामी आता माझ्या घरी येते, माझ्या हातचं पाणी पिते. संतोष अजून थोडा दूर आहे. पण मला जे सांगायचं आहे ते त्या बाजाराच्या दिवसाचं आहे, परतीच्या वाटेवरचं.

खामगाव मागे पडलं. गाडी माझा नवरा चालवत होता, आणि मी मागच्या सीटवर मामांच्या उजव्या बाजूला बसले होते. ते डोळे मिटून होते, मला वाटलं झोपले. मग त्यांनी चाचपडत खांद्यावरचा दुपट्टा ओढला आणि माझ्या हातावर टाकला. मी लहानपणीसारखी आकड्याची वाट बघत राहिले, की आता एक बोट धरतील, आता दोन धरतील. त्यांनी आकडा सांगितला नाही. माझी सगळी बोटं आपल्या मुठीत घेतली आणि एकदा दाबली.